करवलीची साडी

"आक्का, पिना आहेत का?" गिरिजानं विचारलं.

मी मशीनच्या खणातून पिनांची डबी काढून तिच्यापुढं ठेवली. पदराला पिन लावायला गेली आणि टोचून घेतली बोटात. आख्ख्या पेठेत जिच्यासारखा साडी नेसवणारा हात नाही म्हणायचे, तिला त्या दिवशी स्वतःचा पदर लावता येईना. मी म्हटलं, दे इकडं. तिच्या खांद्यावर पदराच्या घड्या नीट बसवल्या आणि पिन लावली. तोंड पुसायला सांगितलं, पाणी प्यायला सांगितलं.

"आज गिऱ्हाईक उठून गेलं तर?" ती म्हणाली.

"का उठून जाईल? तू काय चावतेस?"

हसली, पण हसू काही डोळ्यांत गेलं नाही. मग चप्पल काढून गादीवर चढली.

ही सोलापुरातली गोष्ट. दुकानाचं नाव मी सांगणार नाही, ती माणसं अजून तिथंच राहतात. जुनं साड्यांचं दुकान, खाली पांढऱ्या चादरीची लांबलचक गादी, आणि जिन्याखाली माझं शिलाई मशीन. फॉल-पिको आणि ब्लाउज माझ्याकडं. नवरा गेला तेव्हा मालकांनी, बापूसाहेबांनी, ती जागा दिली आणि मी तिथंच म्हातारी झाले. माझ्यापेक्षा मोठी माणसंही मला आक्काच म्हणायची.

साड्यांच्या दुकानात गादीवर पुरुष असतात हे तुम्ही पाहिलं असेल. गिऱ्हाइकाला साडी अंगावर कशी दिसते ते दाखवायचं, तर तोच पुरुष उभा राहतो, शर्ट-पँटवरच निऱ्या खोचतो, पदर खांद्यावर टाकतो आणि वळून दाखवतो. आमच्याकडं नारायणमामा होते. या एवढ्या मिशा, आणि दिवसभर शालू नेसून गिरक्या घ्यायचे. लहान पोरंसुद्धा हसत नसत. तो धंदाच होता.

गिरिजा आधी पेठेच्या त्या टोकाच्या दुकानात होती. तेव्हा तिला सगळे सिद्धाराम म्हणायचे. तिनं साडी अंगावर टाकली की बायका आरशात बघायच्या आधीच "हीच द्या" म्हणायच्या. इतरांच्या अंगावर साडी टांगल्यागत दिसायची, हिच्या अंगावर ती नेसलेली दिसायची. का, ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही आलं.

मग एकदा दुपारी ती माझ्याकडं ब्लाउजपीस घेऊन आली. म्हणाली, बहिणीचं शिवायचंय. मी मापाचं ब्लाउज मागितलं. आणलेलं नव्हतं. मग म्हणाली, बहीण अगदी माझ्याएवढीच आहे, माझंच माप घ्या.

"बहिणीचे खांदे बरेच रुंद आहेत की रे," मी म्हणाले.

तिनं मान खाली घातली. मी टेप गळ्यातून काढली आणि म्हटलं, हात वर कर. आणखी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळतही नव्हतं. ते ब्लाउज तयार झालं तेव्हा तिनं जिन्याखालच्या पडद्याआड घालून बघितलं आणि आरशापुढून हलेचना. मी त्या आरशापुढं कितीतरी नवऱ्या उभ्या केल्यात. एवढी सुखावलेली बाई मी त्यात पाहिली नव्हती. तेवढं मला पुरलं.

पुढं तिनं हिय्या केला आणि ते ब्लाउज घालून, साडी नेसून, केसांत गजरा माळून कामावर गेली. आदल्या दिवशीपर्यंत त्याच दुकानात दिवसाला शंभर साड्या अंगावर टाकत होती. त्या दिवशी मालकानं पायरीही चढू दिली नाही. गावी अक्कलकोटकडं घर होतं, तिथंही दार लागलं. त्याबद्दल ती एकदाच बोलली, तेही एवढंच, की घरचं विचारू नका आक्का. मी विचारलं नाही.

मी बापूसाहेबांकडं गेले. त्यांना म्हटलं, नारायणमामा मिशीला पीळ देऊन शालू नेसतात तो धंदा, आणि ही साधी सुती साडी नेसून आली तर तमाशा, हे कुठलं शास्त्र? बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, गादीवर नको, वर गोदामात राहू दे, मालाच्या घड्या घालू दे.

मग ती वर राहिली. वर पंखा नव्हता. खाली पोरं जेवायला गोल करून बसायची, त्यात तिला जागा नसायची. मी माझा डबा उचलला आणि जिना चढून वर जायला लागले. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायचे, पण रोज चढायची. नारायणमामा तिला मुद्दाम "सिद्ध्या" म्हणून हाक मारायचे. ती ओ द्यायची नाही, आणि त्यांना वाटायचं उद्धटपणा करते. एकदा मी सगळ्यांदेखत सांगितलं, मामा, तुमचं पाळण्यातलं नाव मला तुमच्या बायकोनं सांगितलंय, त्या नावानं मी उद्यापासून हाक मारू का? त्यानंतर ते तिला "अहो" म्हणायला लागले. नाव घेतलं नाही, पण तेवढं तर तेवढं.

तिला मात्र गादी पाहिजे होती. वर बसून ती खालचे आवाज ऐकायची. कुणी चुकीचा रंग दाखवला की तिला वरूनच कळायचं आणि जीव कासावीस व्हायचा. म्हणायची, आक्का, मला दुसरं काही येत नाही हो. एवढंच येतं, आणि तेवढंच करू देत नाहीत.

लग्नसराई ऐन भरात होती आणि नारायणमामांची कंबर धरली. दुसरा एक जण काम सोडून गेला होता. बापूसाहेब सकाळपासून गादीपुढं येरझाऱ्या घालत होते. मी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा जिन्याकडं बघितलं. शेवटी तेच म्हणाले, बोलवा तिला. आणि तिला समोर उभी करून सांगितलं, "हे बघ गिरिजा, मला तुझ्याबद्दल काही नाही. पण एकही गिऱ्हाईक तुझ्यामुळं उठून गेलं, तर परत वर. मग मला पुन्हा विचारायचं नाही."

पिना मागायला ती आली ती त्यानंतर.

त्या दिवशीचं पहिलंच गिऱ्हाईक बस्त्याचं निघालं. लग्नाचे सगळे कपडे दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून घ्यायचे, तो बस्ता. पुढं नवऱ्यामुलाची आत्या. ठसठशीत बाई, दारातनंच "पंखा मोठा करा हो" म्हणत आली. तिच्यामागं नवरी, मान खाली घातलेली. आणि सगळ्यात मागं नवरीची आई, काटकुळी, डोक्यावर पदर, पिशवी छातीशी धरलेली. आणखी दोन-चार माणसं होती, ती चहा पीत बाजूला बसली.

गिरिजा उठलीच एकदम. घाईघाईनं गादीवरून उतरून माझ्याकडं आली. चेहऱ्यावरचा रंग पार उडालेला. म्हणाली, "आक्का, माझ्याच्यानं नाही होणार. मी वर जाते."

मला वाटलं, घाबरली. पहिलाच दिवस, आणि एवढं मोठं गिऱ्हाईक. मी तिचं मनगट धरलं.

"आज उठलीस तर कायमची उठलीस. जा, बस."

तिनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण बापूसाहेब हाका मारत होते. मग डोक्यावर पदर घेतला आणि गेली.

आधी आहेराच्या साड्या निघाल्या. गिरिजा एकेक घडी उलगडत होती, पण तोंड उघडत नव्हती. एरवी साडी दाखवताना गोड बोलून गिऱ्हाईक बांधून ठेवायची. आज नुसते हात चालत होते. आत्याबाई मात्र एकट्या चारजणींचं बोलत होत्या. बापूसाहेबांनी सहज विचारलं, मुलीकडून भाऊ वगैरे कुणी आलं नाही का. नवरीच्या आईच्या आधी आत्याबाईंनीच सांगून टाकलं, की थोरला भाऊ होता हो, पण गेला बिचारा, अपघातात. सोन्यासारखा पोरगा होता म्हणतात. त्यामुळंच यांनी लग्न साधंच करायचं ठरवलंय.

गिरिजाच्या हातातली साडी अर्धी उलगडून राहिली. मी मशीनवरून ओरडले, गिरिजा, तो जांभळा दाखव की. तिनं जांभळा दाखवला. नवरीच्या आईनं पिशवी जास्तच घट्ट धरली. मला वाटलं, बाईला पोराची आठवण झाली असेल.

मग शालू काढायची वेळ आली. आत्याबाई म्हणाल्या, असं घडीत काय कळतंय, अंगावर टाकून दाखवा. आता गिरिजाला उभं राहावं लागलं, बोलावं लागलं. "डाळिंबी दाखवू का हिरवा?" तिनं विचारलं.

तिचा आवाज तुम्हाला सांगायचा राहिला. आवाज तेवढा जुनाच होता.

आत्याबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. गिरिजाकडं नीट बघितलं, पायापासून वरपर्यंत.

"काय गं," त्या म्हणाल्या, "तू बाईच आहेस ना?"

दुकानात सगळं थांबलं. बापूसाहेबांचा चष्मा परत हातात आला. चहा पिणारी माणसं वळून बघायला लागली. माझा पाय मशीनवरनं सुटला. गिरिजा तो डाळिंबी शालू छातीशी धरून उभी होती, आणि मला दिसत होतं, की आता ही बाई उठणार, हिच्यामागं सगळे उठणार, आणि माझ्या पोरीची गादी गेली ती गेली.

नवरीची आई सकाळपासून पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"आत्याबाई, आपल्याला काय करायचंय ती कुणाची कोण आहे ते?" ती म्हणाली. "आपण शालू घ्यायला आलोय. तिचा हात बघा किती चांगला आहे." आणि गिरिजाकडं वळून, पण तिच्या तोंडाकडं न बघता, हातातल्या शालूकडं बघत म्हणाली, "बाई, तुम्ही नेसून दाखवा."

आत्याबाईंनी कप उचलला. म्हणाल्या, तेही खरंच, आपल्याला काय.

मला त्या काटकुळ्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांमध्ये इतका मोकळ्या मनाचा माणूस मी बघितला नव्हता. बापूसाहेबांनीही चष्मा डोळ्यावर चढवला.

गिरिजानं शालू नेसून दाखवला. काय सांगू तुम्हाला. निऱ्या घेतल्या, पदर काढला, आणि जी उभी राहिली, ती आत्याबाईसुद्धा गप्प झाल्या. जरीचा पदर, हातात हिरव्या बांगड्या, मान थोडी खाली. लग्नाला उभी राहिलेली मुलगी जशी दिसते तशी दिसत होती. नवरीच्या आईनं पदर तोंडाला लावला. मुलीचं लग्न जवळ आलं की आयांना रडू येतंच.

"मला हाच पाहिजे," नवरी म्हणाली. तीही पहिल्यांदाच बोलली. "यांनीच नेसवू दे मला."

गिरिजानं स्वतःच्या अंगावरून शालू उतरवला आणि तिला आरशापुढं उभं करून नेसवायला घेतला. गुडघ्यावर बसून निऱ्या सारख्या केल्या. उठून पदर खांद्यावर घातला. मी पिना द्यायला गेले होते, म्हणून मला ते दिसलं. नवरीनं पदराच्या आड गिरिजाचं बोट धरलं होतं, करंगळीजवळचं, लहान मुलं धरतात तसं. मी आरशात बघितलं. दोघींच्या हनुवटीला सारखीच खळी. मी मागं वळून त्या काटकुळ्या बाईकडं बघितलं. तिच्या हनुवटीलाही तीच.

माझ्या हातातली डबी पडली आणि पिना सगळ्या गादीभर झाल्या. बरं झालं, दोघींना खाली वाकायला निमित्त मिळालं.

पुढं मानाच्या साड्या निघाल्या. आत्याबाईंनी विचारलं, तुमच्याकडची करवली कोण हो? नवरीच्या मागं कलश घेऊन उभी राहते ती करवली, आणि तो मान सख्ख्या बहिणीचा असतो. नवरीची आई म्हणाली, आहे, घरातलीच आहे. मग गिरिजाला म्हणाली, "तिची तुम्हीच काढा, बाई. तुम्हाला आवडेल ती."

गिरिजानं शोधायला वेळ लावला नाही. ती साडी तिनं वर गोदामात असतानाच हेरून ठेवली होती. आमसुली रंगाची, मोरपंखी काठाची, अस्सल रेशीम. तिनं ती गादीवर ठेवली. आईनं काठावरून हात फिरवला आणि मान हलवली.

बस्ता बांधताना कपड्यांना हळदीकुंकू लावतात, आणि तिथं असलेल्या बायकांनाही. आत्याबाई कुंकवाचा करंडा घेऊन उठल्या. मला वगळून पुढं गेल्या. मी विधवा, मला त्याची सवय होती. गिरिजापुढं आल्या आणि दुसरीकडं काहीतरी बोलता बोलताच तिच्या कपाळाला कुंकू लावून गेल्या. त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मागं आई उभी होती. तिनं ते बघितलं. तिचाही हात उठला होता, मी पाहिला. करंडा आत्याबाईंच्या हातात होता.

मंडळी पायऱ्या उतरायला लागली तेव्हा नवरीची आई फॉल लावायच्या साड्या घेऊन माझ्याकडं आली. नवरीच्या साड्या एका गठ्ठ्यात ठेवल्या. आमसुली साडी मात्र वेगळी ठेवली. उभीच राहिली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "हिला गिरिजा नाव कुणी ठेवलं?"

"तिचं तिनंच."

"माझ्या आईचं नाव आहे ते."

तिनं साडीचा काठ उगाच सरळ केला. मग विचारलं, दुपारी जेवते का. म्हटलं, माझ्याबरोबर जेवते रोज.

"वांगं नका देऊ तिला," ती म्हणाली. "अंगावर गांध्या उठतात."

मी म्हटलं, "अहो, एकदा बोला तरी तिच्याशी. ही इथं तर आहे, दहा पावलांवर."

तिनं दाराकडं बघितलं. आत्याबाई चपला घालत होत्या.

"बोलले की आज," ती म्हणाली. "सकाळपासून बोलतेच आहे." आणि आमसुली साडीवर हात ठेवून म्हणाली, "हिला फॉल लावून ठेवा. नेईन मी सवडीनं."

गेली. मागं वळून बघितलं नाही. गिरिजा उलगडलेल्या साड्यांच्या ढिगात बसून घड्या घालत होती, तिनंही बघितलं नाही.

दुपारी मी वर गोदामात डबा उघडला. ती भिंतीला टेकून बसली होती, कपाळावर कुंकू तसंच.

"आक्का, मी गेले म्हणे," ती म्हणाली. "अपघातात."

मी तिच्यापुढं भाकरी ठेवली. तिनं हात लावला नाही.

"आई मला बाई म्हणाली. ऐकलंत ना तुम्ही? बारावीत होते तेव्हा तिनं मला तिची साडी नेसलेली बघितलं होतं, तेव्हापासून मी वाट बघतेय. आज म्हणाली. आणि म्हणाली ती परकी म्हणून." मग ती रडली. तिला इतकं रडताना मी ना त्याआधी बघितलं, ना नंतर. मी तिला थोपटत राहिले. मलाही रडू आवरत नव्हतं.

बापूसाहेब जिन्यात आले होते. त्यांना काही माहीत नव्हतं, एवढा मोठा बस्ता निघाला म्हणून ते खुशीत होते. म्हणाले, गिरिजा, उद्यापासून गादीवरच बसायचं हं. ती डोळे पुसून "हो" म्हणाली. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं तिला.

लग्नाआधी त्यांच्याकडून एक माणूस साड्या न्यायला आला. नवरीचा गठ्ठा नेला. मी आमसुली पुढं केली, तर म्हणाला, एवढ्याच न्यायला सांगितल्यात, ही आमची नाही.

मी ती साडी गिरिजाच्या हातात ठेवली. म्हटलं, अगं वेडे, पैसे देऊन तुझ्यासाठीच ठेवून गेलीय ती. घरातली करवली म्हणजे तूच की. नेस.

तिनं साडी परत माझ्या फळीवर ठेवली. "ती न्यायला येणार आहे ना? मग राहू दे."

"येणार नाही गं ती."

"नेईन म्हणाली. तुम्हीच सांगितलंत." आणि मग हळूच म्हणाली, "मी माझी म्हणून नेसले, तर मग ती कशाला येईल, आक्का?"

साडी फळीवर राहिली.

रेशमी साडी एकाच घडीवर ठेवून चालत नाही. घडीवर चिरते. म्हणून सहा-आठ महिन्यांनी ती उलगडायची आणि घडी बदलून ठेवायची. गिरिजा कधी चुकली नाही. दुकान मोठं झालं, काचेचं झालं, खाली गादीऐवजी टेबलं आली. नारायणमामा निवृत्त झाले, जाताना तिला "गिरिजाबाई, येतो" म्हणून गेले. तिच्यामागं आणखी दोघी तिच्यासारख्याच कामाला लागल्या, त्यांना वर गोदामात कुणी बसवलं नाही. आणि दर वेळी घडी बदलायची आली, की एक काठ मी धरायची, एक ती. "अजून नवी दिसते ना, आक्का?" ती विचारायची. मी म्हणायची, दिसते.

काही वर्षांनी आत्याबाई परत आल्या. मधल्या काळात त्या गिरिजाच्याच गिऱ्हाईक झाल्या होत्या, दुसऱ्या कुणाकडून साडी घेत नसत. या वेळी नातीचा बस्ता होता. गिरिजा साडी अंगावर टाकून दाखवत होती आणि त्या नेहमीसारख्या बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या भाचेसुनेची, सुवर्णाची आई गेली की गं मागच्या आषाढात. तुला आठवते का, पहिल्या बस्त्याला आली होती?"

माझं मशीन थांबलं.

"आठवतात," गिरिजा म्हणाली.

"गरीब बाई होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"हो," गिरिजा म्हणाली. पदराची पट्टी सरळ केली. "ही बघा, ही नातीच्या रंगाला खुलेल. हिचा काठही भरलेला आहे."

तिनं आणखी साड्या दाखवल्या. हिरवी, राणी रंगाची, मोतिया. नातीला नेसवून दाखवली. आत्याबाईंनी सगळं पसंत केलं, हळदीकुंकू झालं, गिरिजानं दारापर्यंत जाऊन त्यांना पोचवलं. मग माझ्याकडं आली.

"आक्का, ती साडी काढा."

मी फळीवरून काढली. "घडी बदलायची?"

"नाही," ती म्हणाली. "नेसायची. आता न्यायला कोण येणार?"

पडद्याआड ती आमसुली साडी नेसली. इतक्या वर्षांत काठ कुठं विरला नव्हता, घडी कुठं चिरली नव्हती. पिना मी लावल्या. तिनं आरशात बघितलं नाही. बाहेर नवीन गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. कुणीतरी गिरिजाबाई म्हणून हाक मारली, आणि ती डोळे पुसून कामाला गेली.